किक मोजायच्या की मीटर?

पत्र

स.न.वि.वि.

मी जलतरण प्रशिक्षक आहे आणि स्पर्धांमध्ये स्ट्रोक जज (पोहण्याची पद्धत नियमात बसते का हे बघणारा पंच) म्हणूनही काम करतो. आमच्या संघटनेच्या तांत्रिक समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. वरिष्ठ संघटनेकडे कोणते नियमबदल सुचवायचे, हे तिथे ठरेल. तीन प्रस्ताव आले आहेत. पहिला: ब्रेस्टस्ट्रोकमध्ये स्टार्ट आणि टर्ननंतर एकच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून लाटेसारखी मारलेली किक) हे बंधन काढावं आणि इतर स्ट्रोकसारखं 15 मीटरपर्यंत पाण्याखाली हव्या तितक्या किक मारू द्याव्यात. दुसरा: बाकीच्या स्ट्रोकमधली 15 मीटरची मर्यादा 10 वर आणावी. तिसरा: लहान मुलांच्या बटरफ्लायमध्ये ब्रेस्टस्ट्रोकची (बेडकासारखी) किक चालवून घ्यावी.

पहिल्या प्रस्तावाच्या विरोधात बोलायला मला दहा मिनिटं दिली आहेत. प्रस्ताव मांडणारे सर माझेच गुरू. मी म्हणतो, अशानं ब्रेस्टस्ट्रोक हा ब्रेस्टस्ट्रोक राहणार नाही. ते म्हणतात, आत्ताचा नियम अनेक जण मोडतात आणि पकडला कुणीच जात नाही. मुद्दे कसे मांडू?

– एक प्रशिक्षक

उत्तर

नमस्कार,

सरांचं निदान बरोबर आहे, औषध चुकलंय. भाषणाची सुरुवात तिथूनच करा. ‘नियम मोडला जात नाही’ असं म्हणत उभे राहिलात, तर समितीतला प्रत्येक पंच मनातल्या मनात हसेल. दुसरी किक निसटताना सगळ्यांनीच पाहिलेली असते, म्हणजे खरं तर पाहिलेली नसते, आणि अडचण नेमकी तीच आहे.

आधी आत्ताचा नियम शब्दशः समोर ठेवा. स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर एक हातओढ पूर्ण मागे, पायांपर्यंत नेता येते आणि तेवढा वेळ पाण्याखाली राहता येतं. पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी कधीही एकच बटरफ्लाय किक, म्हणजेच डॉल्फिन किक, मारता येते. दुसऱ्या हातओढीत हात सगळ्यात रुंद जागेवरून आत वळायच्या आधी डोकं पाण्याबाहेर आलंच पाहिजे. यात मीटरचा उल्लेख कुठेच नाही. ब्रेस्टस्ट्रोकलाही 15 मीटरची मर्यादा आहे असं समजणारे प्रशिक्षक भरपूर भेटतात, पण ती फक्त बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइलला आहे. म्हणजे सरांच्या प्रस्तावात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: किकची संख्या मोकळी करणं आणि अंतर पहिल्यांदाच बांधणं. बैठकीत या दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. दोन्हींवर एकच हो किंवा नाही देण्यात अर्थ नाही, कारण पहिल्या गोष्टीत तथ्य आहे आणि दुसरीत आकडा चुकला आहे.

‘ब्रेस्टस्ट्रोकची परंपरा’ हा मुद्दा मात्र घरीच ठेवा. या स्ट्रोकइतका बदललेला दुसरा स्ट्रोक नाही. बटरफ्लाय यातूनच बाहेर पडला. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकपर्यंत हात पाण्यावरून टाकणारे जलतरणपटू ब्रेस्टस्ट्रोकच्याच शर्यतीत पोहत होते, त्यानंतर दोन्ही स्ट्रोक वेगळे झाले. 1956 मध्ये मेलबर्नला मासारू फुरुकावानं 200 मीटरचं सुवर्णपदक मिळवलं, ते शर्यतीचा मोठा भाग पाण्याखालून पोहून. लगेच पुढच्या वर्षी पाण्याखाली एकच हातओढ असं बंधन आलं. पोहताना डोक्याचा काही भाग सतत पाण्यावर हवा, ही अटही 1980 च्या दशकात गेली. त्यामुळे ‘मूळ ब्रेस्टस्ट्रोक’ म्हणालात की समोरून प्रश्न येईल, कोणत्या सालचा?

इतिहासातून उचलण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. पाण्याखालच्या पोहण्याला वेसण घालायची वेळ इतर स्ट्रोकमध्ये आली, तेव्हा वेसण अंतराची होती. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ बॅकस्ट्रोकच्या स्टार्टनंतर जवळपास 35 मीटर पाण्याखालून डॉल्फिन किक मारत गेला. त्यानंतर आधी 10 मीटरची मर्यादा आली, आणि 1991 मध्ये ती 15 झाली. 1996 मध्ये अटलांटाला डेनिस पांक्रातोव्हनं बटरफ्लायमध्ये असंच लांब अंतर पाण्याखालून कापलं, आणि 1998 मध्ये तिथेही 15 मीटर आले. किती किक मारल्या हे या स्ट्रोकमध्ये कुणी विचारत नाही. डोकं कुठे वर आलं, एवढंच बघतात.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मात्र मोजणी राहिली. हातओढ मोजणं सोपं आहे, ती मोठी आणि सावकाश हालचाल आहे. किक मोजायची वेळ आली तेव्हा घोळ सुरू झाला. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डॉल्फिन किकला पूर्ण बंदी होती. कोसुके कितिजिमानं 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक 17 शतांश सेकंदांनी जिंकल्यावर, त्यानं पुलआउटमध्ये (भिंतीवरून सुटल्यापासून वर येईपर्यंतच्या पाण्याखालच्या टप्प्यात) ती मारली असा आक्षेप अमेरिकेच्या आरन पियर्सोलनं उघडपणे घेतला. 2005 मध्ये एक किक मान्य झाली, पण हातओढीच्या दरम्यानच. 2012 मध्ये लंडनला कॅमेरॉन व्हान डर बर्गनं 58.46 सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेतलं आणि नंतर जास्तीच्या किक मारल्याचं स्वतःच सांगून टाकलं; त्याचं म्हणणं होतं, सगळेच मारतात. 2014 मध्ये किक केव्हा मारायची याचं बंधन सैल झालं, पण संख्या एकच राहिली. दोन वेळा नियमाला ठिगळ लागलं, आणि दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: काठावरच्या पंचाला दिसतं काय?

हे समितीला आकड्यात दाखवा. मोठ्या तलावात लेन अडीच मीटर रुंदीची असते. बाजूनं चालणाऱ्या स्ट्रोक जजपासून चौथ्या लेनमधला जलतरणपटू जवळपास नऊ मीटर लांब असतो. पंचाचे डोळे पाण्यापासून साधारण दीड-पावणेदोन मीटर उंचीवर. म्हणजे नजर पृष्ठभागावर जेमतेम दहा अंशांच्या कोनात पडते. इतक्या तिरक्या कोनातून पाण्याच्या आतलं कमी आणि छताच्या दिव्यांचं प्रतिबिंब जास्त दिसतं. टोकाला उभा असलेला टर्न इन्स्पेक्टर लेनच्या बरोबर वर असतो, त्याला पहिले दोन-तीन मीटर छान दिसतात. पण जलतरणपटू त्याच्यापासून लांब जात असतो आणि स्टार्टनंतर पायांमागे बुडबुड्यांचा पट्टा असतो. चांगल्या जलतरणपटूची डॉल्फिन किक सेकंदाला दोन किंवा त्याहून जास्त पडते. अर्ध्या सेकंदाची हालचाल, फेसातून, तिरक्या कोनातून, आणि एका पंचावर बऱ्याचदा एकापेक्षा जास्त लेन.

त्यातही सगळ्यात वाईट भाग हातओढीचा. पुलआउटमध्ये दोन्ही हात खाली आणि मागे जोरात दाबले की छाती वर उचलली जाते, कंबर खाली जाते आणि ती लाट पायांच्या बोटांपर्यंत पोचते. जलतरणपटूनं काही न करताही पाय थोडे वर-खाली होतात. ही नुसती लाट की मुद्दाम मारलेली दुसरी किक, हे सांगायला गुडघा वाकला का आणि पावलाच्या वरच्या बाजूनं पाणी मागे ढकललं गेलं का, हे बघावं लागतं. काठावरून ते दिसत नाही. दुसरी पळवाट म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक किकसाठी टाचा वर ओढण्याच्या आधी पाय एकदा खाली ‘सोडणं’. बघणाऱ्याला ती किकची तयारी वाटते. आणि शंकेचा फायदा जलतरणपटूला, हे तत्त्व कुणी बदलणार नाही, बदलूही नये. त्यामुळे प्रामाणिक मुलगा एकच किक मारतो, दुसरा दोन मारतो आणि दोघांच्या कार्डावर वेळ तेवढी उरते. मोठ्या स्पर्धांत पाण्याखालचे कॅमेरे असतात हे खरं, पण नियमपुस्तक एकच आहे आणि ज्या तलावांवर बहुतेक शर्यती होतात तिथे कॅमेरे नाहीत.

इथवर सर जिंकले. आता तुमची बाजू, आणि ती गणिताची आहे.

100 मीटरची शर्यत 25 मीटरच्या तलावात घ्या: एक स्टार्ट, तीन टर्न. प्रत्येक वेळी 15 मीटर पाण्याखालून गेलं, तर 60 मीटर डॉल्फिन किकचे आणि ब्रेस्टस्ट्रोक उरला 40 मीटर. 200 मीटरमध्ये 120 आणि 80. पन्नास मीटरच्या तलावात 100 मीटरला 30 आणि 70, तिथे हे एवढं खुपत नाही. त्यामुळे प्रस्तावाच्या बाजूचे लोक लांब तलावाचे आकडे देतील, तुम्ही दोन्ही द्या. बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्येही हेच प्रमाण आधीपासून आहे, असं कुणी म्हणेल. उत्तर वेगाच्या फरकात आहे. ब्रेस्टस्ट्रोक चारही स्ट्रोकमध्ये सगळ्यात सावकाश. तरबेज जलतरणपटूची पाण्याखालची डॉल्फिन किक आणि त्याचं पृष्ठभागावरचं पोहणं यांच्या वेगातलं अंतर बटरफ्लायमध्ये थोडं असतं, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सगळ्यात जास्त. म्हणून तिथे 15 मीटरची मुभा दिली, की ज्याचा ब्रेस्टस्ट्रोक उत्तम त्याच्यापेक्षा ज्याची डॉल्फिन किक उत्तम तो जिंकायला लागेल. सरावही त्याच दिशेला वळेल. पायाची ब्रेस्टस्ट्रोक किक बसवायला वर्षं लागतात, घोटा बाहेर वळावा लागतो, गुडघ्यावर ताण येतो. एवढं कशाला करायचं, असं प्रशिक्षकच म्हणू लागतील.

म्हणून आमचा सल्ला असा की नुसता विरोध करू नका, दुरुस्ती मांडा: संख्या मोकळी, अंतर 10 मीटर. मसुदा साधारण असा ठेवता येईल: ‘स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकपर्यंत बटरफ्लाय किकच्या संख्येवर बंधन नाही. या काळात एकच हातओढ घेता येईल. डोक्यानं 10 मीटरच्या खुणेपर्यंत पृष्ठभाग भेदलेला असला पाहिजे.’

‘पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकपर्यंत’ हे शब्द बदलू देऊ नका. समितीत कुणीतरी नक्की सुचवेल की डॉल्फिन किक फक्त हात वेगळे होईपर्यंत चालावी, नंतर नाही. ऐकायला नीटनेटकं वाटतं. पण तसं केलं की हातओढीच्या वेळची ती शरीराची लाट पुन्हा नियमात बसत नाही आणि आपण 2004 ला परत जातो. ‘डोकं’ हाच शब्द वापरा, ‘शरीर’ नको. पाठ किंवा टाच पाण्यावर आली म्हणजे शरीर वर आलं, असा वाद घालता येतो. डोक्याबद्दल घालता येत नाही.

दहा मीटरमागचा हिशोब असा. भिंतीला दिलेला धक्का, स्ट्रीमलाइन (हात पुढे ताणून शरीर सरळ ठेवणं) आणि एक नीट हातओढ यांवर चांगला प्रौढ जलतरणपटू आत्ताही दहा मीटरच्या आसपास पोचतो. त्यामुळे चौथी-पाचवी किक मारायला जागाच उरत नाही, आणि एक किक चोरून मिळणारा फायदाही संपतो. 25 मीटरच्या तलावातल्या 100 मीटरमध्ये निदान 60 मीटर ब्रेस्टस्ट्रोक शिल्लक राहतो.

या दुरुस्तीतही दोन दुखण्या जागा आहेत, त्या तुम्हीच आधी सांगा. एक, लेनच्या दोरीवर खुणा आहेत त्या दोन्ही टोकांकडचे 5 मीटर आणि 15 मीटर इथे. 10 मीटरला काही नाही. म्हणजे प्रत्येक दोरीवर दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाची चकती घालावी लागेल. खर्च थोडा, पण काम प्रत्येक तलावावर. दोन, अव्वल पुरुष जलतरणपटू आज स्टार्टनंतर नियमात राहूनच 10 मीटरच्या पुढे वर येतात. त्यांचं लांब ग्लाइड या दुरुस्तीनं कापलं जाईल. ‘स्टार्टनंतर 15, टर्ननंतर 10’ ही तडजोड कुणी सुचवली, तर आमच्या मते ती घ्यावी. दोन आकडे लक्षात ठेवणं पंचांना जड नाही.

बैठकीला महिना आहे, तेवढ्यात एक चाचणी सहज होते. तिचा कागद तुमच्या भाषणापेक्षा जास्त बोलेल. बारा जलतरणपटू घ्या: चार नवखे, चार मधले, चार अव्वल. प्रत्येकाकडून भिंतीवरून सुटून तीन प्रकारचे पुलआउट करून घ्या: एक डॉल्फिन किक, दोन, आणि हव्या तितक्या. प्रत्येक प्रकार चारदा, मध्ये तीन मिनिटं विश्रांती, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून. सगळ्यांचं आधी एक-एक घेतलं, तर शेवटचा प्रकार दमलेल्या पायांनी होतो आणि आकडे फसवे येतात. डोकं 15 मीटरच्या खुणेला पोचेपर्यंतची वेळ घ्या. नुसतं वर येईपर्यंतची घेऊ नका, कारण लवकर वर येणारा उगाच वेगवान दिसतो. पाण्याखाली एक कॅमेरा ठेवा. सेकंदाला 60 चौकटी पुरतात. अर्ध्या सेकंदाच्या किकच्या तीसेक चौकटी मिळतात.

चाचणीचा खरा जीव पंचांत आहे. दोन पंच बाजूला, दोन टोकाला. जलतरणपटूला काय करायला सांगितलंय हे त्यांना कळता कामा नये. प्रत्येक पुलआउटनंतर त्यांनी एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर लिहायचं: एक, जास्त, किंवा सांगता येत नाही. नंतर व्हिडिओशी ताडून दोन वेगळे रकाने करा: निसटलेले गुन्हे आणि नसलेले गुन्हे. दुसरा रकाना जास्त गंभीर धरा, कारण तिथे एक निर्दोष पोरगं बाद होतं. हाच खेळ 10 मीटरच्या खुणेवर खेळा: डोकं आधी वर आलं की नंतर? खुणेच्या रेषेत उभ्या पंचाचा कागद आणि किक मोजणाऱ्याचा कागद शेजारी ठेवले, की समितीला फार समजावून सांगावं लागणार नाही. आकडे आपल्या म्हणण्याविरुद्ध आले तरी तसेच न्या.

चाचणीत आणि पुढे सरावातही एक पथ्य कडक पाळा. किक मोकळ्या होणार म्हटलं की मुलं पाण्याखाली किती लांब जाता येतं याची पैज लावतात. आधी भराभर श्वास घेऊन मग बुडी मारणं पूर्ण बंद. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची तीव्र इच्छा उशिरा होते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते. एका लेनमध्ये एका वेळी एकच जण, वर लक्ष ठेवणारा माणूस, आणि दोन खेपांमध्ये श्वास पूर्ण ताळ्यावर.

विक्रमांचं काय, हा प्रश्न येणारच. उत्तर एका वाक्यात द्या: जुने विक्रम तसेच राहतात. 2005 च्या बदलानंतरही राहिले. 2009 मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत वेग वाढवणाऱ्या चकचकीत पॉलियुरेथेनच्या पोशाखांत 43 विश्वविक्रम झाले. 2010 पासून त्या पोशाखांवर बंदी आली, विक्रम पुसले नाहीत.

चांगल्या नियमबदलाचा ताजा नमुना हवा असेल तर बॅकस्ट्रोकचा फिनिश सांगा. शेवटच्या झेपेत जलतरणपटू पूर्ण पाण्याखाली जातो की नाही, हे पंचांना ठरवता येत नव्हतं. आता शेवटच्या 5 मीटरमध्ये डोकं आलं की पूर्ण बुडालेलं चालतं. खूण नवी करावी लागली नाही, कारण बॅकस्ट्रोकच्या पताका तिथेच टांगलेल्या असतात.

उरलेल्या दोन प्रस्तावांना फार वेळ देऊ नका. 15 चे 10 करण्याचा प्रस्ताव सरळ फेटाळावा. तिथे नियम पाळला जातोय, खूण जागेवर आहे, तक्रार फक्त ‘बघायला बरं वाटत नाही’ एवढीच. मग ब्रेस्टस्ट्रोकला 10 का, असं कुणी विचारलं तर वर सांगितलेला वेगाचा फरक पुन्हा सांगा.

मुलांच्या बटरफ्लायचा प्रस्ताव चांगल्या मनानं आलाय. मास्टर्सच्या (प्रौढ वयोगटांच्या) स्पर्धांत बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोक किक चालते, हा दाखला ते देतील. पण प्रौढाला ती सवलत खांदे आणि कंबर साथ देत नाहीत म्हणून उपयोगी पडते. मुलाच्या पायाला ती सवय लागली की डॉल्फिन किक येतच नाही. गुडघे बाजूला उघडतात आणि पुढे दोन वर्षं ते मोडण्यात जातात. मुलं बाद कुठे होतात ते आपल्याच निकालपत्रकांत बघा. बहुतेक वेळा शेवटच्या दहा मीटरमध्ये, दमल्यावर पावलं बाहेर वळून. तसं दिसलं तर सगळ्यात लहान गटाला 50 च्या ऐवजी 25 मीटर बटरफ्लाय ठेवा. त्यासाठी स्ट्रोकच्या नियमाला हात लावायची गरज नाही, स्पर्धेचं वेळापत्रक बदललं की झालं.

आणि सरांना ही दुरुस्ती बैठकीत पहिल्यांदा ऐकवू नका. चाचणीच्या दिवशी त्यांना टोकाच्या पंचाची जागा द्या आणि चिठ्ठ्या उघडताना शेजारी बसवा. त्यांच्या प्रस्तावातला पहिला अर्धा भाग तुम्ही जसाच्या तसा घेतलाय, तेव्हा अनुमोदक म्हणून त्यांचंच नाव मागा. ते नाही म्हणाले, तरच ती दहा मिनिटं विरोधाची म्हणून वापरा.